‘फिअर’ सुरुवातीला सुसाट, दहा मिनिटांनी रखडतो: कारण आणि उपाय

मोनोलिथ प्रॉडक्शन्सचा ‘फिअर’ हा गेम २००५ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा त्या काळची महागडी ग्राफिक्स कार्डंही त्याच्यापुढे हात टेकायची. आज तो मध्यम लॅपटॉपलाही जड जाऊ नये. तरी तक्रार ठरलेली: कार्ड नवं, रॅम भरपूर, कालचे-परवाचे गेम झकास चालतात आणि वीस वर्षांपूर्वीचा हा गेम मात्र ऐन चकमकीत अडखळतो. मग माणूस शॅडो कमी करतो, रिझोल्यूशन उतरवतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो. फरक शून्य.

फरक पडत नाही, कारण बहुतेक वेळा यात ग्राफिक्स कार्डाचा काही दोषच नसतो. माउस, कीबोर्ड, हेडसेट ही यूएसबीवरची मंडळी विंडोज ‘एचआयडी’ (ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस) म्हणून ओळखतं. ‘फिअर’चं ज्युपिटर ईएक्स इंजिन ही उपकरणं गरज नसताना पुन्हा पुन्हा इनिशियलाइज करत, म्हणजे नव्याने जोडून घेत राहतं. त्याचा भार साठत जातो आणि फ्रेम्स, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, कोसळतात. २००५ मध्ये साधा माउस म्हणजे एकच उपकरण होतं. आजचा गेमिंग माउस विंडोजला एकाच वायरवर तीन-चार उपकरणं म्हणून दिसतो: एक माउस, मॅक्रोसाठी एक कीबोर्ड, आवाजाच्या बटणांसाठी एक ‘कंझ्यूमर कंट्रोल’ आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बोलायला आणखी एक. म्हणून मशीन जितकं सजवलेलं, तितका त्रास जास्त.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ वर, स्टीम किंवा गॉग या ऑनलाइन दुकानांतून घेतलेल्या १.०८ आवृत्तीला लागू आहे. ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ (२००६) आणि ‘पर्सियस मँडेट’ (२००७) हे टाइमगेट स्टुडिओजने केलेले दोन पुढचे भागही याच इंजिनवर आहेत, त्यामुळे दोषही तोच आणि उपायही तेच.

आधी लक्षण नीट ओळखा

‘गेम स्लो आहे’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही. केव्हापासून स्लो आणि कशाने बरा होतो, ते बघा.

- सुरुवातीला सुरळीत, पाच-दहा मिनिटांत फ्रेम्स वीसच्या आसपास किंवा त्याखाली, आणि गेम बंद करून लगेच पुन्हा सुरू केला की परत सुरळीत: हा एचआयडीचा दोष. या लेखाचा मुख्य विषय हाच.
- वरच्यासारखंच हळूहळू उतरतो, पण पुन्हा सुरू केला तरी उतरलेलाच राहतो. दहा-पंधरा मिनिटं मशीन थंड होऊ दिलं की सुधारतो: ही उष्णता. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे या दोघांची हमखास गल्लत होते.
- पहिल्या सेकंदापासून, अगदी मेनूतही संथ: गेम चुकीच्या ग्राफिक्सवर चालतोय, किंवा एखादं सेटिंग जड पडतंय.
- फ्रेम्स भरपूर आहेत, पण मेलेले सैनिक जमिनीवर थरथरतात, उडीची उंची बदलते, पाण्याचे शिंतोडे विचित्र उडतात: फ्रेम्स गरजेपेक्षा जास्त आहेत.
- गेम उघडतच नाही: हा वेगळाच प्रश्न, त्याचं इथेच सांगून टाकतो. जुन्या डीव्हीडीवर नक्कल रोखणारं सिक्यूरॉमचं कुलूप आहे आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने तसल्या कुलुपांची साथ सोडली. डिस्क चांगली असली तरी उपयोग नाही. गॉगची प्रत घ्या, तिला कुलूप नाही. कुठल्याही साइटवरून ‘क्रॅक’ उचलून आणू नका. ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणारी फाइल सापडत नाही असा संदेश येत असेल तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका. नव्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असतं, पण नवव्या आवृत्तीच्या या जोडफाइली त्यात नसतात.

१. मोजून बघा (फुकट, वीस मिनिटं)

गेममध्येच परफॉर्मन्सच्या पानावर सेटिंग्जची चाचणी आहे. ती कमीत कमी, सरासरी आणि जास्तीत जास्त फ्रेम्स सांगते, शिवाय २५ च्या खाली, २५ ते ४० आणि ४० च्या वर किती टक्के वेळ गेला तेही देते. इथेच लोक फसतात: चाचणी छोटी आहे आणि ताज्या सुरुवातीला घेतली की निकाल उत्तमच येतो, कारण भार अजून साठलेला नसतो. म्हणून ती दोनदा घ्या. एकदा गेम उघडल्या उघडल्या, आणि दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं खेळून, गेम बंद न करता. दोन्ही निकालांचे फोटो काढून ठेवा. पहिल्यात ४० च्या वरचा वाटा १०० टक्के आणि दुसऱ्यात तो ढासळलेला, तर निदान जवळजवळ झालंच.

खेळताना आकडा समोर हवा असेल तर विंडोज आणि जी ही बटणं दाबून गेम बार उघडा. पहिल्यांदा त्यात फ्रेम्ससाठी परवानगी मागून मशीन रीस्टार्ट करावं लागतं, नाहीतर तिथे नुसती रेघ दिसते. स्टीमवाल्यांना स्टीमचाच आकडा पुरतो.

(आणि हो, गेममधली स्लो-मोची शक्ती वापरताना सगळं हळू होणारच. तो दोष नव्हे.)

२. यूएसबीवरचा पसारा काढा (फुकट, पाच मिनिटं)

गेम बंद करा. हेडसेट, वेबकॅम, गेमपॅड, स्टीअरिंग, यूपीएसची डेटा केबल, ड्रॉइंग टॅब्लेट असं सगळं काढा. शक्य असेल तर घरात पडलेला साधा ऑफिसचा माउस आणि कीबोर्ड लावा, बाकी काही नको. माउसचं किंवा दिव्यांचं सॉफ्टवेअर ट्रेमधून पूर्ण बंद करा. मग पंधरा मिनिटं खेळा.

यूपीएस कशाला, असं वाटेल. पण यूएसबीवर लावलेला यूपीएसही स्वतःची ओळख एचआयडी अशीच देतो. व्हीजॉयसारखे आभासी जॉयस्टिक तर दिसतही नाहीत, कारण ते सॉफ्टवेअरमध्येच असतात. पूर्वी कधीतरी टाकून विसरलेला असा ड्रायव्हर असेल तर ‘सगळं काढलं तरी रखडतोय’ असं चित्र दिसतं.

अशाने गेम सुरळीत झाला तर कारण पक्कं झालं. रोज सगळं काढून खेळायची गरज नाही, पाचव्या पायरीवर जा.

३. पहिल्यापासूनच संथ असेल तर (फुकट)

लॅपटॉपमध्ये बरेचदा दोन ग्राफिक्स असतात आणि इतका जुना गेम बघून विंडोज त्याला प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर टाकू शकतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, ‘फिअर’ची एक्झी (गेम सुरू करणारी) फाइल यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. पुढच्या दोन भागांच्या एक्झी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्या घालाव्या लागतात. चार्जर लावून खेळा. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच हात आखडता घेतो.

गेमच्या आत एकच सेटिंग बंद करा: सॉफ्ट शॅडोज. ते दिसायला ठीकठाक, खर्चाला भारी, आणि चालू असेल तर कडा गुळगुळीत करणारं अँटी-एलियासिंग चालत नाही. सॉफ्ट शॅडोज बंद, अँटी-एलियासिंग ४ पट, अ‍ॅनिसोट्रॉपिक १६ पट, बाकी सगळं वरच्या टोकाला. आजच्या कार्डावर एवढं खुशाल ठेवा. टेक्स्चर कमी करून गेम कुरूप करण्यात काही हशील नाही.

४. फ्रेम्सना लगाम (फुकट, दोन मिनिटं)

१४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर असला की गेम तितक्या फ्रेम्स द्यायला धावतो. त्याचं भौतिकशास्त्र मात्र त्या काळच्या ६० च्या आसपासच्या फ्रेम्स डोळ्यासमोर ठेवून बेतलेलं आहे, म्हणून प्रेतं थरथरतात. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज ३डी सेटिंग्ज’, मग ‘प्रोग्राम सेटिंग्ज’मध्ये ‘फिअर’ निवडून ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही फ्रेम्सची मर्यादा घालता येते. मर्यादा फक्त याच गेमपुरती घाला. सगळ्यांना लावलीत तर महिन्याभराने दुसरा गेम ६० वर का अडकलाय म्हणून डोकं खाजवत बसाल.

लगाम घातल्याने लॅपटॉप थंडही राहतो. त्यामुळे दुसरं लक्षण असलेल्यांपैकी काहींचं काम इथेच भागतं.

५. खरा उपाय: एक डीएलएल फाइल (फुकट, दहा मिनिटं)

डीएलएल म्हणजे प्रोग्रामला लागणारी जोडफाइल. इथे दोन रस्ते आहेत. डिव्हाइस मॅनेजरचा रस्ता फक्त निदानासाठी वापरा. ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’ उघडा आणि ‘एचआयडी-कम्प्लायंट कंझ्यूमर कंट्रोल डिव्हाइस’ नावाच्या नोंदी एकेक करून डिसेबल करा. दोन-चार तरी सापडतील. मग खेळून बघा. गेम सुधारला तर गुन्हेगार सापडला. मात्र त्यानंतर कीबोर्डवरची आवाजाची आणि गाणी पुढे-मागे करायची बटणं चालेनाशी होतात, आणि माउस दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की नोंद नव्याने उगवते. म्हणून निदान झालं की सगळं परत एनेबल करा. माउस, कीबोर्ड अशी नावं असलेल्या नोंदींना हात लावू नका. लॅपटॉपवर ‘आय२सी एचआयडी डिव्हाइस’ दिसेल, तो बहुधा तुमचा टचपॅड आहे. तो बंद केलात तर परत चालू करायला बाहेरचा माउस शोधावा लागेल.

कायमचा उपाय दुसरा. ‘इकोपॅच’ हा मोफत पॅच गिटहबवर मिळतो. तो एचआयडीचं हे अनावश्यक इनिशियलायझेशन रोखतो, ६० च्या वरच्या फ्रेम्सवर बिघडणारं भौतिकशास्त्र सावरतो आणि ४के पडद्यावर मुंगीएवढा होणारा एचयूडी (खेळताना पडद्यावर दिसणारे आकडे आणि खुणा) मोठा करतो. त्याआधी मेथनहायड्रॅट या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरची एक छोटी फाइल याच कामासाठी वर्षानुवर्षं वापरली गेली. तीही चालते, पण आज नव्याने करत असाल तर इकोपॅचच घ्या.

कृती अशी. झिप उतरवल्यावर ती उघडण्याआधी तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. खाली ‘अनब्लॉक’ची चौकट असेल तर टिक करा. मग आतल्या फाइली गेमची एक्झी जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मुख्य फाइलचं नाव डी-आय-एन-पी-यू-टी आणि लगेच आठचा आकडा, शेवट डीएलएल. नाव बदलायचं नाही. पुढच्या भागांच्या एक्झी स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात, तिथे फाइलींची वेगळी प्रत टाकायची. ‘मूळ गेम सुधारला पण एक्स्ट्रॅक्शन पॉइंट तसाच’ या तक्रारीमागे ही न टाकलेली प्रतच असते.

याच नावाची एक फाइल विंडोजचीही आहे. गेमने ती मागितली की विंडोज आधी एक्झीच्या फोल्डरमध्ये बघतं, तिथे नसली तर स्वतःच्या सिस्टिम फोल्डरमध्ये. सगळी करामत एवढीच. म्हणून ही फाइल सिस्टिम३२ किंवा सिसवॉव६४ मध्ये कधीही टाकू नका: विंडोजची मूळ फाइल बिघडेल आणि बाकीचे गेम बोंबलतील. नको असेल तेव्हा गेमच्या फोल्डरमधून फाइल उडवली की सगळं पूर्ववत.

फाइल टाकूनही फरक नसेल तर ती खरोखर लोड झाली का ते तपासा. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस एक्स्प्लोरर हे मोफत साधन घ्या. गेम चालू ठेवून त्यात ‘फिअर’ची ओळ निवडा, खालच्या भागात डीएलएलची यादी उघडा आणि ही फाइल शोधून तिचा पाथ वाचा. गेमच्या फोल्डरचा पाथ दिसला तर लोड झाली. फक्त सिसवॉव६४ चा पाथ दिसला तर नाही झाली. तेव्हा कारण यांपैकी एक असतं: फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये गेली, अँटिव्हायरसने न सांगता उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली, किंवा नाव बदललं. आणखी एक अडचण म्हणजे दोन मॉड एकाच नावाची फाइल आणतात; दुसरी टाकताना पहिली पुसली जाते. एका फोल्डरमध्ये एकच चालते.

स्टीम डेकवर किंवा लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनला ही फाइल वापरायला वेगळं सांगावं लागतं: लाँच ऑप्शन्समध्ये ‘वाइन डीएलएल ओव्हरराइड्स’ला या फाइलचं नाव देऊन आधी नेटिव्ह, मग बिल्टइन असा क्रम लिहा.

६. तरीही अडखळतो: डीएक्सव्हीके (फुकट, जरा किचकट)

ही पायरी मुख्यतः इंटेलच्या नव्या ग्राफिक्सवाल्यांसाठी. २०२२ मध्ये इंटेलची आर्क कार्डं आली तेव्हा त्यांना डायरेक्टएक्स ९ थेट समजत नव्हतं. ते बारामध्ये भाषांतर होऊन चालायचं आणि जुने गेम धक्के खायचे. नंतरच्या ड्रायव्हरने बरीच सुधारणा झाली, म्हणून आधी ड्रायव्हर नवा करा. मगच डीएक्सव्हीके. हे साधन डायरेक्टएक्स ९ च्या हाका व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स भाषेत बदलून देतं.

उतरवलेल्या पॅकेटात दोन फोल्डर असतात. ‘फिअर’ ३२ बिटचा गेम आहे, तुमचं विंडोज ६४ बिटचं असलं तरीही. म्हणून एक्स३२ फोल्डरमधली डी३डी९ डीएलएल घ्यायची. ६४ वाली टाकलीत तर गेम उघडताच चूक दाखवून बंद पडेल. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या पिढीला व्हल्कन १.३ लागतं, फार जुन्या कार्डावर ते नसतं, तिथे हा नाद सोडा. पहिल्या खेळात थोडे हिसके बसतील, शेडर तयार होत असतात. दुसऱ्यांदा कमी होतात.

एनव्हीडिया-एएमडीवर पाचव्या पायरीने काम झालं असेल तर हे मुळीच करू नका. चालत्या गाडीला खीळ कशाला?

तासभर खेळल्यावर गेम एकदम डेस्कटॉपवर फेकत असेल, विशेषतः मोठ्या टेक्स्चरचे मॉड टाकले असतील, तर अडचण मेमरीची. ३२ बिट प्रोग्रामला मुळात २ जीबीच पत्ता-जागा मिळते. ‘फोर जीबी पॅच’ एक्झीवर एक खूण करतो आणि ६४ बिट विंडोजवर ती मर्यादा ४ जीबी होते. एक्झीची प्रत आधी बाजूला ठेवा. गॉगच्या एक्झीवर हे निर्धोक होतं. कुलूपबंद एक्झीत बदल केला तर ती उघडायला नकार देऊ शकते.

आवाजातला ‘हार्डवेअर’चा पर्याय निवडता येत नाही म्हणून वेळ घालवू नका. व्हिस्टापासून विंडोजने डायरेक्टसाउंडचं हार्डवेअर प्रवेगच काढून टाकलं. फ्रेम्स पडण्याशी त्याचा संबंध नाही.

इथे थांबा

नवा गेमही दहा-पंधरा मिनिटांत उतरत असेल तर ‘फिअर’ सोडा, मशीन बघा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं साधन लावून खेळताना प्रोसेसरचं तापमान पाहा. ते ९५ ते १०० डिग्रीला टेकून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येत असेल तर हवेचा मार्ग कोंडला आहे. डेस्कटॉपच्या जाळीवरची धूळ घरी काढता येते: मशीन बंद, वायर काढलेली, पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रश. लॅपटॉप मात्र वॉरंटीत असेल तर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपलेली असली तरी थर्मल पेस्ट बदलणं हे पहिल्यांदा हात बसवायचं काम नव्हे. टचपॅड वर आलेला किंवा मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा, मशीन बंद करा, तसंच दुकानात न्या.

खेळताना मशीन फटकन बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो बदलून बघता येतो, उघडून नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असतो. निळा पडदा येऊन त्यावर ‘व्हिया’ने (डब्ल्यू-एच-ई-ए) सुरू होणारी चूक दिसली तर तीही हार्डवेअरची, आणि तीही जाणकाराकडेच.

दुकानात नेताना दोन्ही चाचण्यांचे फोटो आणि तापमानाचा आकडा दाखवा. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे पहिलं उत्तर येईल. मशीन तापत असेल तर फॉरमॅटने ते थंड होत नाही. आणि दोष एचआयडीचा असेल तर घरी येऊन तोच माउस लावला की दहा मिनिटांत परत वीस फ्रेम्स, वर सगळे सेव्ह गेलेले. तरीही फॉरमॅट करायचाच असेल तर आधी पब्लिक डॉक्युमेंट्समधला मोनोलिथ प्रॉडक्शन्स नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्या.